कुणाचीच नसलेली बाई

तंटा मिटवणं म्हणजे खरं शोधणं नव्हे. समितीवर नवीन येणाऱ्या प्रत्येकाला मी हे पहिल्याच दिवशी सांगते. खरं-खोटं करायला जिल्ह्याला कोर्ट आहे, तिथे काळे झगे घालून माणसं बसलीत. आपण एवढंच बघायचं, की या दोन घरांना उद्या एकाच बाजारात मासळी घ्यायचीय आणि एकाच देवळात उदबत्ती लावायचीय, ते कसं जमेल. मी बायकांचे केस धुते, कापते, कुरळे करते, आणि उरलेल्या वेळात बिनपगारी तंटे मिटवते. आमच्या गावातनं कोर्टाची पायरी फारसं कुणी चढलेलं नाही, आणि त्याचा मला मोठा तोरा होता. आंग आणि सू या दोन घरांचं भांडण माझ्यासमोर येईपर्यंत होता.

नगरपालिकेनं ओढ्याकाठची जुनी दफनभूमी मोकळी करायला काढली, तिथनं हे सुरू झालं. बाग करणार म्हणे. सगळ्यांनी आपापल्या माणसांची थडगी उघडायची, हाडं वेचायची, आणि मडक्यात भरून टेकडीवरच्या नव्या मनोऱ्यात नेऊन ठेवायची. वेचायची तर अशीही असतातच. पुरलेलं माणूस काही वर्षांनी बाहेर काढून, हाडं दारूनं पुसून, उन्हात वाळवून, बसलेल्या माणसासारखी मडक्यात लावली, की मग कुठे मुलांच्या डोक्यावरचा भार उतरतो.

आंग घराचा थोरला बुन-तोंग. लसणाचा व्यापारी, कमी बोलणारा, शब्दाला पक्का. आई गेल्यापासून त्याच्या मागे शुक्लकाष्ठ लागलं होतं. माशांचं तळं एका रात्रीत मेलं, मुलाला अपघात झाला, तो वाचला पण लंगडा झाला. आता कुठे त्या मुलाचं लग्न जमलं होतं. बुन-तोंगनं ज्योतिषाकडून दिवस काढून घेतला, हाडं वेचणाऱ्याला बोलावलं, आईच्या नावाचा दगड हलवला आणि थडगं उघडलं. आत आई जशीच्या तशी. केस आहेत, कातडी आहे, सगळं ओलं.

न कुजलेलं प्रेत म्हणजे काय, हे आमच्याकडे शेंबडं पोरसुद्धा सांगेल. अशी आई खाली पडून मुलांचं नशीब खाते. वेचणारा बिचारा सांगत होता, की खाली चिकणमाती, वर तुम्ही नायलॉनची रजई पांघरलीत, कुजणार कसं? पण ऐकतो कोण. बुन-तोंगनं एकदा पायाकडून वरपर्यंत पाहिलं, झाका म्हणाला, आणि सांगून टाकलं, "ही आमची आई नाही. पुरात दगड पडले होते. उभे करताना अदलाबदल झालीय. शेजारचं उघडा."

शेजारचं थडगं सू घराचं. दगडावर स्पष्ट नाव होतं त्यांच्या आईचं. ते उघडलं, तर आत स्वच्छ, पिवळसर, देखणी हाडं. त्यानं ती वेचून घेतली, मडक्यात भरली आणि घरी नेऊन पुढे फळं मांडली.

पुढच्या आठवड्यात सू मंडळी आपला दिवस काढून आली, तर खड्डा रिकामा.

समितीच्या खोलीत पहिल्या दिवशी जो गोंधळ झाला तो काय सांगू. सूंचा चिन-ह्वात बर्फाचा कारखाना चालवतो, यंत्राच्या आवाजावर ओरडून ओरडून त्याचा गळाच तसा झालाय. आल्या आल्या म्हणाला, "क्वा मावशी, या माणसानं माझी आई पळवली."

"पळवली म्हणे," बुन-तोंग म्हणाला. "ती काय कोंबडी आहे?"

"कोंबडी असती तर परत मागितली नसती. म्हटलं असतं, शिजवून खा बाबा, तुझ्या घरात तसंही काही टिकत नाही."

"बसा दोघंही," मी म्हटलं. "आया वर गेल्या, तुम्ही निदान खाली बसा."

बसले. चहा आला. आमचा चिटणीस लिआओ, शिकलेला पोरगा, दोघांच्या मधोमध पंखा फिरवून बसला, जशी काही गरमी हवेतच होती. चिन-ह्वात टेबलावर बोट आपटत म्हणाला, "दुसऱ्याचं थडगं उकरणं हा गुन्हा आहे. मी कोर्टात जाणार. हाडाला भोक पाडून रक्ताचं नातं तपासू देत डॉक्टरांना. दूध का दूध होऊन जाईल."

"जा की," मी म्हटलं. "आणि भोक पाडल्यावर निघालं, की मडक्यातली त्यांची आणि शेडमधली तुझी, तर?"

त्यानं टेबलावरचं बोट काढून घेतलं. ते ओलं प्रेत दफनभूमीच्या पत्र्याच्या शेडमध्ये ठेवलं होतं, ताडपत्रीखाली.

"बरं, त्या शेडमध्ये रोज बर्फ कोण पाठवतं?" मी विचारलं.

"माणुसकी म्हणून पाठवतो," तो कुरकुरला. "कुणाची का असेना, उन्हाळा आहे."

मला कळलं. दोघांनाही कोर्ट नको होतं. दोघांनाही हाडं हवी होती, आणि ती शेडमधली बाई कुणालाच नको होती. तपासणी झाली असती तर एका घराच्या कपाळावर कायमचा शिक्का बसला असता, आणि तो आपल्याच कपाळावर बसेल अशी धास्ती दोघांच्याही पोटात होती. इथे माझं डोकं चालतं. असल्या अडकलेल्या गाठी मला दिसतात, बायकांच्या केसांतल्या दिसतात तशा.

मी म्हटलं, "हे बघा. हाडं सूंच्या दगडाखाली सापडली, ती सूंची. बुन-तोंग, तू ती मडक्यासकट परत करायची आणि रीतसर माफी मागायची. आता तुझी आई. पुरानं ओढ्याकडची एक बाजू खचवून नेली होती, खरं की नाही? तुझी आई त्यात गेली. मागाहून कुणीतरी तिचा दगड परक्याच थडग्यावर उभा केला. त्या जागेत एकावर एक पुरलेले कितीतरी जुने आहेत. म्हणजे शेडमधली बाई ना याची, ना त्याची. बेवारस. तिला नगरपालिका जाळेल आणि बेवारशांच्या देवळात ठेवेल. आणि तुझ्या आईसाठी विलो झाडाच्या लाकडाची मूर्ती कोरून मडक्यात बसव. हाडं मिळाली नाहीत की लोक करतातच तसं."

खोलीत असं झालं, जशी काही कुणीतरी खिडकी उघडली. चिन-ह्वातनं मान हलवली. बुन-तोंग लगेच म्हणाला, "हो. असंच झालं असणार." फार लगेच म्हणाला. पण मी त्या वेळी माझ्याच हुशारीवर खूश होते. लिआओ माझ्या कानाशी म्हणाला, "मावशी, तुम्ही कोर्टात असता तर वकिलांची चूल पेटली नसती." सह्या शुक्रवारी करायच्या ठरल्या.

बाहेर बाकावर बुन-तोंगची बहीण आ-हून बसली होती. लग्न झालेल्या लेकीला असल्या बैठकीत खुर्ची नसते. मी बाहेर आले तेव्हा ती उभी राहिली, काही बोलेल असं वाटलं, पण भाऊ मागोमाग आला आणि ती चप्पल शोधायला लागली.

दुसऱ्या दिवशी ती माझ्या दुकानात आली. दुपारची वेळ, दुसरं गिऱ्हाईक नव्हतं. केस धुवायचेत म्हणाली. कालवं सोलण्याच्या शेडमध्ये काम करते, बोटं नेहमी चिरलेली. नवरा लांबच्या बोटीवर, वर्षाचा बहुतेक काळ समुद्रात. मी तिला खुर्चीत बसवलं, डोक्यावर फेस केला, चोळायला लागले. आरशात तिनं माझ्याकडे पाहिलं नाही.

"मावशी, ती माझी आई आहे."

माझे हात फेसात थांबले. "कोण?"

"शेडमधली. तुम्ही जिला बेवारस केलंत ती."

"कशावरून म्हणतेस?"

"मोज्यांवरून. शेवटच्या आजारात तिचे पाय सारखे गार पडायचे. मी विणून घातले होते. मला टाच कधी नीट जमली नाही, डावीकडे वळायची. आई हसायची, म्हणायची, तुझे मोजे घालून मी सरळ चालले तरी डावीकडेच पोचेन." आता ती आरशात बघत होती. "पांढऱ्या लोकरीचे. अजून तसेच आहेत."

"बुन-तोंगनं पाहिले?"

"पायाशी तोच उभा होता, मी त्याच्या मागे. पाहिले, आणि झाका म्हणाला."

मला इतका राग आला, की कंगवा बेसिनमध्ये टाकला. "मग तिथे तोंडाला कुलूप कशाला लावलंस? बोलायचंस."

"बोलले ना. घरी जाऊन बोलले. दादा म्हणाला, मुलाचं लग्न मोडलं तर तुझ्यामुळे मोडेल. म्हणाला, हे बाहेर बोललीस तर नव्या वर्षाच्या दुसऱ्या दिवशी माहेरपणाला येऊ नकोस. कधीच येऊ नकोस." ती थांबली. "सगळ्या जणी पिशव्या घेऊन माहेरी जाताना मी दारात उभी राहून काय करू, मावशी? मूल नाही, नवरा पाण्यावर. तेवढं एकच दार आहे मला."

मीही लेकच आहे कुणाचीतरी. माझ्या माहेराला भाऊच उरला नाही, तेव्हापासून तो दुसरा दिवस मी दुकान उघडं ठेवून काढते, आणि कुणी विचारलं तर गिऱ्हाइकांची गर्दी आहे म्हणून सांगते.

"माझं नाव घेऊ नका," ती म्हणाली. "पण काहीतरी करा."

"या दोन गोष्टी एका ताटात बसत नाहीत, बाई."

"बसवा ना. तुम्ही बसवता. सगळे म्हणतात."

मी तिचे केस धुतले, पुसले, वाळवले.

शुक्रवारी सगळे जमले. चिन-ह्वात इस्त्रीचा शर्ट घालून आला होता. बुन-तोंगनं लाल फडक्यात गुंडाळलेलं मडकं दोन्ही हातांनी आणलं आणि वाकून परत दिलं. लिआओनं कागद मांडले, शिक्क्यांसाठी लाल शाईची डबी उघडली. मी म्हटलं, "जरा थांबा."

सगळे माझ्याकडे बघायला लागले.

"बुन-तोंग, समितीचा कागद मंजुरीला कोर्टात जातो, त्यावर तिथला शिक्का बसेल. मग बदलता येणार नाही. तुला खात्री आहे? पुन्हा एकदा शेडमध्ये जाऊन नीट बघून ये. आईला माणूस ओळखतोच. चेहऱ्यावरून नाही, तर हातावरून. पायावरून."

पायावरून म्हटल्यावर त्याचा चेहरा दगडासारखा झाला. म्हणाला, "बघितलंय मी. ती परकी आहे."

"तपासणी करून घ्यायची का? गुपचूप. मी ओळखीच्या डॉक्टरांना—"

"काय मावशी," चिन-ह्वात उसळला, "मिटत आलेलं भांडण तुम्हीच परत उकरायला निघालात? माझ्या आईला भोक पाडायचं? आता? मडकं हातात आल्यावर?"

लिआओनं माझ्या कोपराला हात लावला. हळूच म्हणाला, "मावशी, आपलं काम मिटवायचं. तुम्हीच शिकवलंत."

शिकवलं होतं खरं. माझंच वाक्य माझ्याच तोंडात कोंबलं गेलं, आणि ते गिळण्यावाचून माझ्यापुढे काही नव्हतं. आ-हूनचं नाव घेतलं असतं तर दार बंद झालं असतं. नाव न घेता मला काय अधिकार होता? न्यायाधीश असते तर हुकूम सोडला असता, तपासा म्हणून. माझ्या हातात चहाची किटली. शिक्के उमटले. एक, दुसरा, मग माझा. माझा जरा तिरका उमटला.

मग सुपारी. आमच्याकडे ज्याची चूक ठरते तो ताट घेऊन फिरतो, पानात गुंडाळलेल्या, चुना लावलेल्या कोवळ्या सुपाऱ्या. ज्यानं उचलली त्यानं तो विषय तिथे सोडला. त्यानंतर तो विषय जो काढेल त्याच्याशी गाव बोलत नाही. बुन-तोंगनं ताट चिन-ह्वातपुढे धरलं, मग लिआओपुढे, मग माझ्यापुढे. मी उचलली. काय करणार. मग ताट घेऊन तो दारापाशी गेला आणि बाकावर बसलेल्या बहिणीपुढे धरलं. घरच्या माणसाला सुपारी द्यायची रीत नाही. त्यानं दिली. आणि तिच्याकडे बघत उभा राहिला.

आ-हूननं सुपारी उचलली. तोंडात टाकली नाही, मुठीत धरली. मग उभी राहून, चौकटीच्या बाहेरूनच लिआओला विचारलं, "साहेब, ती शेडमधली बाई बेवारस ठरली ना?"

"हो. सगळ्यांच्या सह्या झाल्या."

"मग बेवारशाचं क्रियाकर्म पुण्य म्हणून कुणीही करू शकतं ना?"

"करू शकतं. कुणी करत नाही, ते वेगळं."

"मी करते. मडकं मी घेते, उदबत्ती मी लावेन. देवळात तिच्या नावाची— तिची जागा मी बघेन."

बुन-तोंगच्या हातातलं ताट वाकडं झालं आणि उरलेल्या सुपाऱ्या एका कडेला गोळा झाल्या. "तुला काय करायचंय?" तो म्हणाला. "लोक काय म्हणतील? परकी बाई, तीही असली. अपशकुन घरात घेशील."

"माझ्याच घरात घेईन ना, दादा. तुझ्या नाही." तिनं सरळ त्याच्याकडे पाहिलं. "तू नको म्हणतोस का? नको म्हणायला तुझी कोण लागते ती?"

नको म्हणाला असता तर सगळ्यांसमोर आई कबूल केल्यासारखंच झालं असतं. माझ्या उभ्या जन्मात मी कुणाला इतकं चोख पकडलेलं पाहिलं नाही, आणि पकडणारी तर बाकावरची, खुर्ची नसलेली. चिन-ह्वातला कळलं असावं. त्यानं मडकं छातीशी धरलं आणि जमिनीकडे बघत राहिला.

लिआओनं नवा कागद ओढला. "नातं काय लिहू?"

आ-हूननं मुठीतल्या सुपारीकडे पाहिलं. मग म्हणाली, "काही नाही. लिहा, नातं नाही."

जाळायच्या दिवशी मी तिच्याबरोबर गेले. दुसरं कुणी नव्हतं. परक्या बाईसाठी सुतक नसतं, म्हणून तिनं गोणपाटाची टोपी घातली नव्हती, गुडघ्यावर सरपटत जाणं नव्हतं, रडणं नव्हतं. कालवांच्या शेडमधून तशीच आली होती, रबरी बुटात. पेटी भट्टीत सरकवताना लेकरांनी ओरडायचं असतं, आई, आग आलीय, पळ. आत्म्याला कळायला हवं, नाहीतर तो जळतो. भट्टीवाला माणूस हँडलवर हात ठेवून थांबला. रोजचं काम त्याचं, आवाज आल्याशिवाय तो दार लावत नाही.

आ-हूननं तोंड उघडलं, मिटलं. माझ्याकडे पाहिलं. मग म्हणाली, "बाई, आग आलीय. पळा."

मी बाहेर जाऊन भिंतीकडे तोंड करून उभी राहिले. तिथे मला रडू आलं, आणि ते दुःखाचं होतं की संतापाचं, मला अजून सांगता येत नाही.

लग्न झालं. बुन-तोंगची सून हसरी आहे, माझ्याकडे केस कुरळे करायला येते. नव्या वर्षाच्या दुसऱ्या दिवशी आ-हून पिशव्या घेऊन माहेरी गेली. मागाहून दुकानात सांगत होती, की देव्हाऱ्यापाशी मडकं ठेवलंय, आत विलोची बाहुली, छान कोरलीय, नाकसुद्धा आहे. तिनं उदबत्ती लावली आणि आई म्हणून हाक मारली. "लाकडाला," ती म्हणाली. "आणि आईला बाई म्हणते. उलटं झालंय सगळं माझं." वहिनीनं जाताना भरपूर खाऊ बांधून दिला. भाऊ आतल्या खोलीत टीव्ही बघत होता, निरोप द्यायला बाहेर आला नाही.

थडगी झाडायच्या सणाला सगळं गाव टेकडीवरच्या मनोऱ्याकडे चाललेलं असतं. मी उलट्या बाजूला, बेवारशांच्या देवळाकडे निघाले होते. समितीवर असल्यापासून मी तिकडे वर्षातून एकदा बिस्किटांचा पुडा ठेवून येते, सवयच आहे. देऊळ कसलं, वडाखालची कोंबड्यांच्या खुराड्याएवढी खोली. जुगारी लोक लॉटरीचे आकडे मागायला येतात, तेवढीच तिथली वर्दळ.

दारात एक माणूस उकिडवा बसला होता. बुन-तोंग. बिननावाच्या कोऱ्या मडक्यांच्या रांगेत एकच मडकं पुसलेलं होतं, आणि त्याच्यापुढे त्यानं एक वाडगं ठेवलं होतं. रताळ्याची पेज. थर्मासमधनं आणलेली, अजून वाफ येत होती. बेवारशांना बिस्किटं ठेवतात, सिगारेट ठेवतात, पेज कुणी ठेवत नाही. त्याची आई म्हातारपणी दात गेल्यावर दुसरं काही खात नव्हती, हे मला ठाऊक होतं.

मला बघून तो दचकला. उठून उभा राहिला, पँट झटकली. म्हणाला, "आकडा मागायला आलो होतो. लॉटरीचा."

सुपारी मी उचलली होती. विषय काढायचा नव्हता.

"मिळाला का?" मी विचारलं.

तो मडक्याकडे बघत राहिला. नाक ओढलं.

"नाही देत," तो म्हणाला. "माझ्याशी पहिल्यापासून कमीच बोलायची ती."

मी माझा बिस्किटांचा पुडा वाडग्याच्या शेजारी ठेवला आणि परतीच्या वाटेला लागले.